नातेवाईकाची सही

प्रवेश गेल्याची मेल मी वाचली तेव्हा माझ्या एका हातात अण्णांच्या लघवीची पिशवी होती. दर दोन तासांनी ती बघायची आणि किती मिली झाली ते पलंगाला अडकवलेल्या कागदावर लिहायचं, हे काम सिस्टरांनी माझ्यावर टाकलं होतं. त्या दिवशी सकाळपासून चाळीस मिली. मी आधी चाळीस लिहिलं आणि मग मेल पुन्हा वाचली. 'विहित मुदतीत प्रवेश निश्चित न केल्याने आपला प्रवेशाचा हक्क संपुष्टात आला आहे.' शनिवार होता, २६ ऑगस्ट २०२३.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातली. केमिस्ट्रीत बीएस्सी केलं आणि एमएस्सीसाठी एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. विद्यापीठाचं नाव घेत नाही. तिथल्या काही माणसांनी मला परत पाठवलं, काहींनी वाट दाखवली, आणि दोन्ही प्रकारची माणसं एकाच मजल्यावर बसत होती.

ऑरगॅनिक शाखेच्या पहिल्या यादीत माझं नाव नववं होतं. यादी लागली सोमवारी, २१ ऑगस्टला. त्या दिवशी नागपंचमी. गुरुवारी, २४ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन विभागात हजर राहायचं, पडताळणी करायची आणि फी भरायची. फीचे पैसे आईनं ट्रंकेत वेगळे काढून ठेवले होते. बुधवारच्या रात्रीच्या एसटीनं निघायचं ठरलं होतं. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे आईही सोबत येते म्हणत होती.

त्या ऑगस्टात पाऊस नव्हता. १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे मी नंतर पेपरात वाचलं. आम्हाला तेव्हा एवढंच दिसत होतं, की सोयाबीननं माना टाकल्यात. विहिरीत थोडं पाणी होतं, पण त्या आठवड्यात आमच्या फिडरला मोटरीची थ्री फेज लाईट रात्रीची होती. मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास अण्णा पिकाला पाणी द्यायला दारं धरत होते. पायात साधी चप्पल. घोणस चावली. चावायच्या आधी ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते म्हणतात. अण्णा म्हणतात, मोटरीच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावात कुणीतरी बोललंच, पंचमीला रान उकरलं असंल. आमच्याकडं पंचमीला नांगर-कुळव तर सोडाच, बायका विळीही धरत नाहीत. अण्णांनी त्या दिवशी दावणसुद्धा सोडली नव्हती. पण हे कुणाकुणाला सांगत बसणार?

ग्रामीण रुग्णालयात त्यांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं. मग नळी तिरकी केली. रक्त गोठायला हवं होतं. ते पाण्यासारखं वाहिलं. तीन वर्षं टेस्ट ट्यूब हाताळल्या होत्या, पण एवढी भीती कुठल्याच नळीची वाटली नव्हती. तिथंच सर्पदंशावरची लस सुरू झाली आणि पहाटे आम्ही बार्शीच्या एका दवाखान्यात पोचलो. ट्रंकेतले पैसे अनामत म्हणून काउंटरवर गेले.

बुधवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये टीव्हीवर चांद्रयान उतरत होतं. पेशंटचे नातेवाईक, वॉर्डबॉय, औषधाच्या दुकानातली पोरं, सगळे उभे. सहा वाजून चार मिनिटांनी टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. वर आले तर डॉक्टर म्हणाले, लघवी थांबलीये, किडनीवर परिणाम झालाय, रात्री डायलिसिसला घ्यावं लागेल.

मध्यरात्र उलटून गेल्यावर सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. मानेतल्या शिरेत नळी घालायची होती, त्याची संमती. बाहेरच्या बाकड्यावर आई, मी आणि दहावीतला भाऊ. सिस्टरांनी विचारलं, "वाचता येणारं कोण आहे?" आईनं माझ्याकडं बघितलं. मी तो फॉर्म दोनदा वाचला. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, असं सगळं त्यात होतं. खाली नातेवाईकाचं नाव, नातं, सही, तारीख, वेळ. 'मुलगी. २४-८-२३. रात्री २.४०.' वेळ सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितली.

मुदत मी विसरले नव्हते. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस सगळं विसरतो. नाही विसरत. गुरुवारी विभागाच्या लँडलाइनला मी तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा रिंग वाजून बंद झाली. मूळ कागद घरी ट्रंकेत होते, पैसे संपले होते आणि पाच वाजता मी औषधाच्या दुकानापुढं रांगेत होते.

सोमवारी चुलत्याला अण्णांपाशी बसवून मी रात्रीची गाडी धरली. मंगळवारी सकाळी विभागात पोचले. विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "वाईट झालं. पण तुमची जागा शुक्रवारीच प्रतीक्षा यादीतल्या विद्यार्थ्याला दिली. माझ्या हातात काही नाही. अर्ज करून बघा."

अर्ज मी गाडीतच लिहून आणला होता. चार पानं. 'महोदय, माझे वडील अल्पभूधारक शेतकरी असून...' इथून सुरुवात करून आमची जमीन किती, पाऊस कसा नाही, आईचं शिक्षण, भावाचं दहावीचं वर्ष, माझी स्वप्नं. गाडीत लिहिताना मी रडले होते. तोच अर्ज आवक विभागात दिला, शिक्का मारून पोच घेतली आणि बार्शीला परत आले.

उत्तर आलं ५ सप्टेंबरच्या तारखेचं. दोन ओळी. 'प्रवेशाची मुदत संपुष्टात आली असल्याने आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही. सबब, आपला अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' नस्तीबद्ध हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. नस्ती म्हणजे फाईल. माझी चार पानं फाईलला लागली, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दोन ओळींचा मला फार राग आला. पण आता तो अर्ज वाचते तेव्हा वाटतं, उत्तर देणाऱ्यानं दुसरं काय लिहायचं होतं? चार पानांत मी नक्की काय मागत होते, ते कुठंही धड लिहिलेलं नव्हतं. शेवटी एवढंच होतं, 'तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' विचार करून काय द्यावं? गेलेली जागा? ती दुसऱ्या कुणाची झाली होती.

पुढच्या खेपेला मी आवक विभागात उभी होते, त्या पत्राची प्रत हातात घेऊन. खिडकीतल्या माणसाला सगळे काका म्हणायचे, निवृत्तीला थोडेच दिवस उरले असावेत. त्यांना मी आठवत होते. "चार पानांवाली ना तुम्ही?" त्यांनी माझा जुना अर्ज जवळजवळ पाठ म्हणून दाखवला, चिडवायला नव्हे. मग म्हणाले, "लिहिलंय चांगलं. पण साहेब एका फाईलला दोन मिनिटं देतात. तुमच्या वडिलांना साप कधी चावला, हे तिसऱ्या पानावर आहे. मुदत कधी होती, ते कुठंच नाही. दोन तारखा शेजारी-शेजारी मांडा. डावीकडं विद्यापीठाच्या, उजवीकडं दवाखान्याच्या. बाकी सगळं काढा."

"जमिनीचं पण?"

"जमिनीचं पण. आणि कुणाची जागा मागू नका. रिकामी जागा मागा. दुसऱ्या फेरीनंतर पोरं सोडून जातात. रिक्त जागांचा तक्ता विभागाच्या बोर्डावर लागतो. त्याचा फोटो काढा, अर्जाला जोडा."

अल्पभूधारक खोडताना मला कसंतरीच झालं. त्या जमिनीपायीच तर अण्णा रात्री रानात गेले होते. पण काकांचं बरोबर होतं.

मग पुरावे. डिस्चार्ज कार्डावर अण्णांचं नाव, दाखल झाल्याची तारीख, घोणस, डायलिसिस सहा वेळा, सगळं होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. वडील आजारी होते हे त्या कार्डावरून सिद्ध होत होतं, मी तिथं होते हे नाही. आता कुठून आणायचा पुरावा? बसल्या-बसल्या मला तो रात्रीचा फॉर्म आठवला. दवाखान्यातल्या रेकॉर्डच्या खोलीत गेले तर आधी म्हणाले, केस पेपर आम्ही बाहेर देत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, हे मला भूमच्या कोर्टात वकिली करणाऱ्या मामांनी सांगितलं होतं. लेखी अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. त्यात संमतीचा फॉर्म होता, माझी वाकडी सही होती आणि सिस्टरांनी सांगितलेली वेळ होती. मुदत संपायला चौदा तास वीस मिनिटं होती तेव्हाची. फोनच्या यादीतले ते तीन कॉलही मी छापून घेतले.

मामांनी आणखी एक गोष्ट दिली होती. २०२१ मध्ये फी भरताना तांत्रिक अडचण आल्यामुळे आयआयटी मुंबईतली जागा हुकलेल्या एका विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयानं राज्यघटनेचं कलम १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश द्यायचा त्यांचा खास अधिकार, वापरून प्रवेश द्यायला लावला होता. तो निकाल मी मोठ्या हौसेनं अर्जाला जोडला. काकांनी पानं उलटली आणि टाचणी काढली. "हे १४२ त्यांच्याकडं असतंय. आमच्या साहेबांकडं नाही. आणि वाचणाऱ्याला धमकी वाटते." मी काढलं. पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर २०२४ ला, मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला साडेसतरा हजार रुपये वेळेत न भरता आल्यामुळे गेलेली आयआयटी धनबादची जागा त्याच कलमाखाली परत मिळाली. ती बातमी मी लॅबमध्ये उभ्या-उभ्या वाचली आणि तो दिल्लीपर्यंत कसा पोचला असेल, किती गाड्या बदलल्या असतील, हेच डोक्यात येत राहिलं.

अण्णांना तोवर घरी सोडलं होतं. शुक्रवारी, १५ सप्टेंबरला, मी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडं अर्ज घेऊन गेले. तिथल्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "तुमचा प्रवेशच झालेला नाही. म्हणजे तुम्ही आमच्या विद्यार्थी नाही. ही समिती विद्यार्थ्यांसाठी आहे." बिनतोड वाटेल असाच मुद्दा. पण या एका वाक्याची तयारी मी करून आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२३ मध्ये तक्रार निवारणाचे नवे नियम काढले होते. त्यात विद्यार्थी या शब्दाच्या व्याख्येत प्रवेश घेतलेला आणि प्रवेश मागणारा, दोन्ही येतात. वाशीच्या ई-सेवा केंद्रातून ते पान मी छापून आणलं होतं आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. त्यानं पान वाचलं, आत जाऊन आला आणि शिक्का मारला. एवढ्या सगळ्या धावपळीत 'आपण जिंकलो' असं मला वाटलं ते त्या शिक्क्याच्या वेळी, नंतर नाही.

त्याच नियमांत समितीनं शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारस करावी असं आहे. ती मान्य नसेल तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील करता येतं. कुणाला अशी वेळ आली तर हे दोन आकडे लक्षात ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या आधी रांगेत असलेल्या एका मुलानं अर्ज नुसताच टेबलावर ठेवला होता. तो पुन्हा आला तेव्हा त्याचा अर्ज आलाच नाही म्हणाले.

गणपती बसले, गेले. सुनावणी ४ ऑक्टोबरला लागली. लांब टेबल, पाच प्राध्यापक, कडेला एक विद्यार्थी प्रतिनिधी. माझं एक पान प्रत्येकाच्या पुढं होतं. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुदत सगळ्यांना सारखी असते. तुम्हाला सवलत दिली तर ज्यांनी वेळेत केलं त्यांच्यावर अन्याय नाही का?" प्रश्न रास्त होता, आजही वाटतो. मी म्हणाले, "सर, माझी जागा ज्याला मिळाली ती त्याचीच राहू दे. अ‍ॅनालिटिकलला दोन जागा रिकाम्या आहेत, प्रतीक्षा यादी संपलीये. पहिल्या यादीतल्या माझ्या गुणांवर त्यातली एक द्या."

मग एका सरांनी विचारलं, घोणशीच्या विषानं रक्त का गोठत नाही? मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. मी सांगितलं, विष रक्त गोठवणारे घटकच आधी सगळे वापरून टाकतं, मग गोठायला काही उरत नाही. ते दहावा घटक, पाचवा घटक विचारत राहिले. मी उत्तरं देत होते आणि आतून चिडत होते. माझ्या बापाचं रक्त होतं ते, तोंडी परीक्षा नव्हती.

शेवटी एक मॅडम म्हणाल्या, "पण दवाखान्यात तुमच्या आई होत्या ना? एका दिवसासाठी तुम्ही येऊन गेला असता." हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, तरी घसा सुकला. आईबद्दल असं काही बोलायचं मला जिवावर आलं होतं. मी संमतीच्या फॉर्मची झेरॉक्स पुढं सरकवली. "आई होती. वाचता येणारं कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा मोठ्यांत मी एकटीच होते." मॅडमनी फॉर्म घेतला, चष्मा वर केला आणि सहीखालची वेळ वाचली. पुढं कुणी काही विचारलं नाही. आई बाहेर व्हरांड्यात बसली होती. आत काय झालं विचारल्यावर मी म्हणाले, केमिस्ट्री विचारली.

समितीनं शिफारस केली. मग टिपणी झाली, फाईल वर गेली, विशेष बाब म्हणून मंजुरी झाली. त्या दिवसांत मी रोज सकाळी काकांना फोन करायचे आणि ते फक्त मजला सांगायचे. "दुसऱ्या मजल्यावर आहे." "अजून दुसऱ्याच मजल्यावर."

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. वाशी त्यात होता. दुष्काळी सवलतींत परीक्षा शुल्काची माफी असते. तिच्यासाठी ना तारखांचा तक्ता लागला, ना कुणाच्या सहीची वेळ. तालुक्याचं नाव यादीत असलं की झालं. मला हसू आलं.

ऑरगॅनिक हुकलं ते हुकलंच. वसतिगृहाची यादी कधीच बंद झाली होती, त्यासाठी पुन्हा अर्ज करायचं त्राण माझ्यात नव्हतं. कॉट बेसिसवर एका खोलीत चौथी म्हणून राहिले. सहा आठवड्यांची प्रॅक्टिकल्स दोन महिन्यांत भरून काढली, शनिवारी-रविवारी लॅब असिस्टंटच्या मागं लागून. माझ्या जागेवर आलेला मुलगा पुढं कँटीनमध्ये भेटायचा. चांगला होता. त्याला काही माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. अण्णांची किडनी हळूहळू सुधारली. आता गमबूट घालून रानात जातात, पण रात्रीचेच. लाईट अजून रात्रीचीच असते.

प्रवेश झाला गुरुवारी, १२ ऑक्टोबरला. फी काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर उघडलं. नाव, शाखा, मंजुरीचा जावक क्रमांक. शेवटचा रकाना होता 'विलंबाचे कारण', बोटभर रुंदीचा. माझी एकतीस पानांची फाईल टेबलावरच होती. केस पेपर, फोनचे कॉल, रिक्त जागांच्या तक्त्याचा फोटो, ती सही. मी फाईल उघडायला लागले तोवर बाईंनी लिहूनही टाकलं होतं, 'वैयक्तिक'.

"विलंब शुल्क वेगळं भरायचंय," त्या म्हणाल्या. "सुट्टे आहेत का?"

नव्हते. आई बाहेर जाऊन सुट्टे करून आली.